माती मऊ होईपर्यंत

आज बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरला होता,
बुटाने दाबला तर करकरला.
लोकेन म्हणाला, बास. आता आत घ्यायचं.
त्याचा नवा गुडघा अजून त्याचं ऐकत नाही,
म्हणून तो उलट्या डब्यावर बसून हुकूम सोडतो
आणि मी जमिनीवर पुठ्ठा टाकून उताणी,
मोवरच्या पोटाखाली.

टाकी काठोकाठ भर. त्यात ते निळं औषध.
मग पाच मिनिटं चालव, नसानसांत जाऊ दे.
अर्धी ठेवलीस तर हवेला जागा होते,
हवेला थंडीत घाम फुटतो,
आणि घाम आला की गंज आलाच.
चौतीस उन्हाळे या दफनभूमीचं गवत कापलेला माणूस
इतकं सगळं एका दमात
फक्त पेट्रोलबद्दल बोलतो.

तेल गरम आहे तोवर सोडलं.
काळं, नि:शब्द, तव्यात उतरत राहिलं.
मग पात्यांवरचं झाकण, आतून:
गवताची खरवड, बोटभर जाड.
उलथन्याने सोडवू लागले तसा उन्हाळा उलटा निघत गेला.
वर सप्टेंबरचं पिवळं,
त्याखाली ऑगस्टचा भुसा, ज्यात पाऊस नव्हताच,
तळाशी मे, अजून हिरवट, आंबूस.
त्यात कुणाच्या तरी प्लास्टिकच्या गुलाबाची पाकळी,
छोट्या झेंड्याचे दोरे,
आणि एक पिवळं चाक. शर्टाच्या बटणाएवढं.

मला माहीत होतं कुणाचं.
डेल ओस्टबी, तीन वर्षं चार महिने.
दगडाच्या पायरीवर त्याचा ट्रॅक्टर असतो,
जूनपासून तीन चाकांवर कललेला.
त्याची आई दर महिन्याला येते, काही बोलत नाही.
मी चाक खिशात टाकलं.
लोकेनने पाहिलं, आणि म्हणाला,
प्लगच्या भोकात तेलाचे चार थेंब. चारच.

नळकांड्यात तारेचा चोथा कोंबला, उंदरांसाठी.
आधी काळी वायर, मग तांबडी.
बॅटरी बाहेर काढली, ती इथे राहत नाही,
ती माझ्या तळघरात बटाट्यांशेजारी झोपते.

खोली टेकडीच्या पोटात आहे, दगडी, लोखंडी दाराची.
मोवरसाठी बांधलेली नव्हे.
पूर्वी नोव्हेंबरनंतर इथली जमीन
कुदळीला दाद द्यायची नाही,
तेव्हा हिवाळ्यात गेलेली माणसं इथेच थांबायची,
फळ्यांवर, ओळीने, माती मऊ होईपर्यंत.
लोकेनची आत्या गुंडा नाताळाआधी गेली
आणि दोन मेला पुरली.
दर रविवारी तिचा नवरा बाहेर घोडा उभा करायचा,
दाराकडे तोंड करून कॉफी प्यायचा, निघून जायचा.
आता जमीन फोडायला यंत्र आहे,
कुणाला थांबावं लागत नाही.
फळ्यांच्या खुणा भिंतीत आहेत. त्यांवर मी दाताळी टांगते.

आम्ही ढकलला. म्हणजे मी ढकलला,
लोकेनने काठीने दिशा दाखवली.
चाकांखाली लाकडी ठोकळे, वर ताडपत्री.
त्याने दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलं:
२३ ऑक्टोबर. तास ४१२. टाकी भरलेली.
वर त्याचंच अक्षर, वर्षामागून वर्ष,
खाली येताना थोडं थोडं थरथरत.
मग पेन्सिल मला दिली. परत घेतली नाही.

डेलच्या ट्रॅक्टरला चाक बसेना, आस वाकलेला होता.
दाताने सरळ केला.
बोटाला ग्रीस होतंच, तेवढं लावलं.
आता फिरतं. कुठे जाणार ते, पण फिरतं.

घरी निघाले तर गाडी टिंग टिंग करू लागली.
शेजारच्या सीटवर बॅटरी होती,
गाडीला वाटलं, कुणीतरी बसलंय.
दोन मैल सोसलं.
मग धान्याच्या कोठारापाशी थांबले,
वाकून तिला पट्टा लावला.